आजोळचं केळवण, सव्वादोनशे फुटांत

नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं त्याच संध्याकाळी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सांगून टाकलं की नातीचं पहिलं केळवण आजोळी होणार. आजोळ म्हणजे आमचं घर. भायखळ्याजवळच्या एका टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर, २२५ चौरस फुटांचं. सासरे गिरणीत विणकाम खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यानंतर पुन्हा धड उभी राहिली नाही. तीस वर्षांनी, २०१२ च्या म्हाडाच्या सोडतीत, गिरणी कामगारांच्या यादीतून त्यांना हे घर लागलं. चावी हातात येईपर्यंत ते राहिले नाहीत. एक खोली, एक स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. राहतो आम्ही चौघं: आई, आम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारा मुलगा.

मी यादी करायला बसले. नणंदेकडची पाच, नवऱ्या मुलाकडची पाच, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, दोन मावश्या, एक मामा, शिवाय गावकऱ्यांपैकी ज्यांना टाळून चालणार नाही असे एक जोडपं. आमची चार धरून तेवीस. नवरा म्हणाला, "आई, आपण एखादा हॉल बघू, नाहीतर हॉटेलात टेबल लावू. इथे कुठे मावणार?"

"माझ्या नातीक तू हॉटेलात जेवूक घालतलंस?" आई एवढंच म्हणाल्या आणि टीव्ही बंद केला.

खरं सांगायचं तर मनातून मी नवऱ्याच्या बाजूने होते. तेवीस माणसं या खोलीत उभीसुद्धा राहणार नाहीत असं मला वाटत होतं. रात्री अंथरुणं घालताना आई माझ्या बाजूला येऊन बसल्या. म्हणाल्या, "अठरा माणसांक दोन वेळ जेवूक घालीत होतंय मी. धा बाय बाराच्या खोलयेत."

हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचा असा उपयोग होईल हे डोक्यात आलं नव्हतं. आईंनी चाळीत खाणावळ चालवली होती. गिरणगावात तेव्हा घरोघर बायका खाणावळी चालवत. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुरातून आलेले गडी गाळ्यांत दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला अशा एखाद्या बाईकडे महिना लावायचे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळायची वाट काढून दिली, त्याच्या आधी सावकाराशिवाय त्यांना कोण विचारत होतं? आईंनीही मंडळामार्फत कर्ज घेतलं होतं आणि संपाच्या काळात घर त्या खाणावळीवर तरलं. अठरा माणसं एकदम कधीच जेवत नसत. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, तशी जेवणंही पाळीने व्हायची. सहा बसले की बाकीचे बाहेर गॅलरीत. आईंच्या मते माझी चूक एवढीच होती, की मी तेवीस माणसांना एका वेळी खोलीत बसवून बघत होते.

"आधी घर रिकामा कर, मगे माणसां बोलव," त्या म्हणाल्या. पुढचे पंधरा दिवस मी या एका वाक्यावर काढले.

आधी तारीख. केळवणाला कोंबडी-वडे करायचे हे ठरलेलंच होतं. आमच्याकडे पाहुण्यांचा मान म्हणजे तोच. पण विहीणबाई माळकरी. त्यांच्यासाठी शाकाहारी जेवण वेगळं करणं अवघड नव्हतं, मात्र एकादशी नको होती आणि कार्तिक वद्यात त्या आळंदीला जाणार होत्या. पुढे मार्गशीर्ष लागला की आमच्याकडची अर्धी माणसं महिनाभर मटण-मासे सोडतात. शनिवार, सोमवार, गुरुवार चालत नाहीत. कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर आणि वद्य एकादशीच्या आत एकच रविवार हाती लागला. विहीणबाईंना मी स्वतः फोन केला. कांदा-लसूण चालतं का, ज्या घरात कोंबडी शिजते तिथे बसून जेवायला चालेल का, हे सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, पळी वेगळी ठेवा म्हणजे झालं." किती मोठा भार उतरला माझा! असं काही मनात ठेवून अंदाज बांधत बसण्यापेक्षा विचारलेलं बरं. समोरच्यालाही बरं वाटतं.

मग मोजमाप. एका रात्री जेवणं झाल्यावर मी आणि मुलाने खोलीत वर्तमानपत्रं अंथरली. मांडी घालून बसणाऱ्या माणसाला रुंदीला दोन फूट लागतात. भिंतीला पाठ लावून बसला तर ताटासकट सव्वातीन फूट पुढे येतो. आमची बाहेरची खोली दहा बाय अकरा. दरवाजा आणि कपाट सोडून एका भिंतीला चार, समोरच्या भिंतीला चार. मध्ये वाढणाऱ्याला साडेतीन फूट. म्हणजे एका पंगतीला आठ, आणि तीन पंगती. हिशोब जमला. फक्त त्या साडेतीन फुटांत आमचा दिवाण होता.

दिवाण, टीव्हीचं टेबल, शिवणयंत्र, मुलाच्या अभ्यासाची खुर्ची, पाण्याचा पिंप, तांदळाची कोठी. एवढ्या वस्तू खोलीबाहेर जायला हव्या होत्या. पॅसेजमध्ये ठेवता येत नाहीत. आग लागली तर तीच वाट आहे, आणि आमच्या मजल्यावर दोन म्हातारी माणसं वॉकर घेऊन चालतात. आमच्या शेजारचं कुटुंब दिवाळीला गावी गेलं होतं, महिनाअखेर येणार होतं, चावी आमच्याकडेच. त्यांना फोन केला. त्यांनी वर विचारलं, "आणखी काय ठेवायचंय का?" शनिवारी रात्री दीर आणि मुलगा मिळून दिवाण उभा करून त्यांच्या खोलीत ठेवून आले. वस्तू गेल्यावर मी दारात उभी राहून खोली बघितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चारी भिंतींचे खालचे कोपरे दिसले. आई आत येऊन मधोमध बसल्या आणि फरशीवरून हात फिरवला.

आता वड्यांचं सांगते, कारण खरी परीक्षा तिथे होती.

पिठासाठी जाडा तांदूळ दोन किलो धुऊन सावलीत वाळवला. उडीदडाळ अर्धा किलो, चणाडाळ पाव किलो, थोडे गहू, मूठभर धणे, दोन चमचे मेथी. सगळं वेगवेगळं हलकं भाजून गिरणीतून सरसरीत दळून आणलं. फार बारीक दळलं की वडा फुगतो पण चामट होतो. माझ्या हिशोबाने किलोभर पिठाचे चाळीस-बेचाळीस वडे होतात, म्हणजे सव्वाशेच्या आसपास. माणशी पाच. मालवणी मसाला घरचा, मे महिन्यात लालबागला मसाला गल्लीत डंकावर कुटून आणलेला.

बुधवारी मी घाण्यापुरतं पीठ भिजवून दहा वडे तळून बघितले. बरं झालं बघितले. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. दहा वड्यांतच तेलाचा धूर बाहेरच्या खोलीत पसरला, आईंना खोकला सुटला आणि पंखा लावावा तर गॅसची ज्योत हलते. सव्वाशे वडे तळले असते तर त्या खोलीत माणूस बसू शकला नसता, नवी नवरी तर नाहीच. दुसऱ्या दिवशी मी समोरच्या काकूंकडे गेले. त्यांचं घर आमच्यासारखंच, पण त्यांची खिडकी रस्त्याच्या बाजूला. "काकू, रविवारी संध्याकाळी तुमचा गॅस देता का?" त्यांनी गॅस दिला, कढई दिली आणि तळायला स्वतः उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर नागपूरकडचं. वडे त्यांनी खाल्ले होते, केले कधी नव्हते.

रविवारी सकाळी साडेपाचला उठलो. काळे वाटाणे रात्रीच भिजत घातले होते. पहिला मान शाकाहाराचा: काळ्या वाटाण्याचं सांबारं, बटाट्याची भाजी, गव्हल्यांची खीर. हे सगळं शिजवून, त्याच्या पळ्या त्यातच ठेवून, झाकून शेजारच्या घरात नेऊन ठेवलं. ओटा धुतला. मगच कोंबडी घरात आली, पाच किलो. सुक्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटप आदल्या दिवशीच भाजून ठेवलं होतं. मिक्सरचं भांडं लहान, सहा वेळा लावावं लागलं. दुपारी दोनला सागोती तयार. आमच्या छोट्या ओट्यावर हे सगळं बसलं याचं कारण एवढंच, की एका वेळी एकच टोप घरात होता. झालेला पदार्थ बाहेर, मग पुढचा आत.

ताटं, वाट्या, मोठे टोप गावकरी मंडळाच्या भांड्यांतून आणले. मंडळाची वही असते, त्यात नग लिहून सही करायची. नवऱ्या-नवरीसाठी केळीची पानं दादरहून.

सोलकढी मात्र उशिरात उशिरा. सहा नारळ खवून, हिरवी मिरची आणि लसणीबरोबर वाटून दोनदा दूध काढलं, गावाहून आलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घातलं. सकाळी करून ठेवली तर दूध फाटल्यासारखं होतं, फ्रिजमध्ये ठेवली तर वर खोबऱ्याच्या तेलाचा थर धरतो. साडेपाचला केली. मुलाने चव बघितली आणि म्हणाला, "आई, मीठ." आगळात मीठ असतंच, म्हणून मी हात आखडला होता. चिमूटभर आणखी घातलं.

पाहुणे सातला यायला लागले. पहिल्या पंगतीत कोण, हे मी आणि आईंनी आधीच ठरवलं होतं: नवरा-नवरी, मधुमेहाची गोळी घेणारी वडील माणसं आणि विहीणबाई. दोन मावश्यांचे गुडघे वाकत नाहीत, नवऱ्या मुलाच्या आजोबांचेही नाहीत. म्हणून एका भिंतीला चार खुर्च्या आणि दोन घडीची टेबलं. समोर पाट. पाटांभोवती आईंनी स्वतः रांगोळी काढली. हात थरथरतो त्यांचा, पण ठिपके जागच्या जागी पडले. भाचीचं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं औक्षण झालं. मी तिची ओटी भरली. साडी, खण, नारळ, आणि आईंनी स्वतःच्या पेटीतून काढलेली एक चांदीची कुंकवाची कोयरी. ही कोयरी खाणावळीच्या पैशांतून घेतलेली पहिली वस्तू होती हे मला त्या क्षणी कळलं. भाचीला आधी सांगितलं असावं, कारण ती ती घेताना रडायलाच लागली.

एक गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. पहिली पंगत जेवत असताना उरलेली सोळा-सतरा माणसं कुठे थांबणार? चाळीत गॅलरी होती. पंगत बसली की बाकीची माणसं गॅलरीत कठड्याला टेकून गप्पा मारायची, आतलं सगळं बघायची, "वाटाण्याचं आणा" म्हणून आतल्यांच्या वतीने ओरडायची. थांबणं हासुद्धा समारंभाचाच भाग होता. आमच्या टॉवरमध्ये दोन्ही बाजूंना बंद दारं आणि मध्ये ट्यूबलाइटचा बोळ. घरं पक्की झाली, पाणी आत आलं, संडास आत आला, हे सगळं आम्हाला हवंच होतं. पण ज्याने हा नकाशा काढला त्याने गॅलरी काढून टाकताना आमच्यापैकी कोणाला विचारलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. लहान घराची ती अर्धी खोली होती.

माणसं बोळात उभी राहिली. विहीणबाईंचे यजमान भिंतीला टेकून उभे, हे बघून मला कानकोंडं झालं. तेवढ्यात काकूंच्या सुनेने आपल्या घराचं दार सताड उघडलं आणि म्हणाली, "आत या सगळे, हे पण तुमचंच घर आहे." तिच्या पलीकडच्या घरातूनही खुर्च्या आल्या. शेजारच्या घरात दिवाण उभा केलेला होता तो दिराने परत आडवा केला, त्यावर पोरं बसली. दहा मिनिटांत मजल्यावरची चार दारं उघडी आणि माणसं या घरातून त्या घरात. मुलाने कोकम सरबताचे ग्लास फिरवले.

दुसरी अडचण वड्यांची. काकू तळत होत्या, जाऊ थापत होती, माझा मुलगा डबा घेऊन इकडून तिकडे. पहिला डबा आला तेव्हा वडे बसलेले, ओलसर. ते गरम राहावेत म्हणून काकूंनी मायेने झाकणाच्या हॉटपॉटमध्ये भरले होते. वाफ आत कोंडली. आईंनी हातात एक घेऊन दाबला आणि न बोलता माळ्यावर बोट दाखवलं. मी स्टूल घेऊन वरची वेताची टोपली काढली, खाली सुती पंचा घातला. त्यानंतरचे वडे टोपलीत, उघडेच. पंधरा पावलांचं तर अंतर. पुढचा घाणा पानात पडला तेव्हा आजोबांनी वडा फोडला आणि त्यातून वाफेची बारीक रेघ वर गेली. ते म्हणाले, "हं, आता बरोबर." पहिले वडे कसे होते हे त्यांनी आधी सौजन्याने सांगितलं नव्हतं.

वाढायची पद्धत आईंची. मीठ, लिंबू, लोणचं, कांद्याची कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि सांबारं उजवीकडे, वडे मध्ये. सागोतीची वाटी ज्याला हवी त्यालाच. विहीणबाईंना फक्त मी वाढत होते, आणि माझा हात कोंबडीच्या पळीला लागला नव्हता. जाऊबाई येऊन उभ्या राहिल्या की "तुम्ही त्या ओळीला" असं मी हळूच सांगत होते. विहीणबाईंनी वाटाण्याचं सांबारं तीनदा मागून घेतलं.

पहिली पंगत पाऊण तासात उठली. टेबलं मिटली, फरशी पुसली, दुसरी बसली. यात पोरं आणि पुरुष. नवऱ्या मुलाकडून दोन माणसं जास्त आली होती, आत्या आणि तिचा मुलगा. आत्याबाईंना संकोच वाटू नये म्हणून मी आधी त्यांनाच पाटावर बसवलं. तळाला कोंबडी पुरेल की नाही ही धाकधूक होती. पण वडे आणि सोलकढी भरपूर असली की रस्सा पुरतो, हे आईंचं म्हणणं खरं ठरलं.

तिसऱ्या पंगतीबद्दल मी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. माझ्या आईला मी लहानपणापासून शेवटी जेवताना बघितलं. पुरुष उठले, पोरं उठली, मग बायका; गार भात, तळाचा रस्सा, मोडके वडे. सासूबाईंनी तर अठरा माणसांचं उरकून मग एकटीने खाल्लं, वर्षानुवर्षं. म्हणून मी नवऱ्याला आणि दिराला शनिवारीच सांगितलं होतं: शेवटच्या पंगतीत बायका बसतील आणि तिचे वडे तुम्ही दोघं तळायचे. त्यासाठी तीस गोळे आणि सागोतीचा एक वेगळा टोप मी सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवला होता. त्या टोपाला कोणालाही हात लावू दिला नाही.

सव्वानऊला आम्ही बसलो. नणंद, जाऊ, काकू, त्यांची सून, पलीकडच्या घरातली ताई, भाचीच्या दोन चुलत बहिणी आणि मी. शेजारणी यादीत नव्हत्याच, पण त्यांना सोडून जेवायचा प्रश्नच नव्हता. मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ताट घेऊन बसला. पलीकडून कढईचा आवाज येत होता. नवऱ्याने थापलेले वडे एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, पण गरम आणि टम्म फुगलेले. भाची पदर खोचून सोलकढी वाढायला आली.

मी मध्येच उठायला लागले. मीठ आणायचं राहिलं होतं. तेवढ्यात आई पळी घेऊन आल्या. पहिल्या पंगतीत जेवून त्या आत पडल्या असतील असं मला वाटलं होतं.

"बस गो. आज मी वाढतंय."

त्या वाकू शकत नाहीत. म्हणून मी ताट उचलून वर धरलं. त्यांनी टोपात पळी खालपर्यंत नेली, ढवळून एक तंगडीचा तुकडा शोधला, माझ्या वाटीत घातला आणि पळी वाटीच्या काठावर निथळून घेतली. मग काकूंच्या ताटाकडे वळल्या.

सोमवारी सकाळी मंडळाची भांडी परत द्यायला वही काढली. तीस ताटं, साठ वाट्या, चार टोप, सहा पळ्या. मोजल्या तर पळ्या सात भरल्या. एक काकूंची होती. ती धुऊन, त्यांच्या टोपलीभर डब्यांबरोबर, रात्रीच्या उरलेल्या वाटाण्याचा एक डबा भरून समोर देऊन आले. दिवाण अजून शेजारीच आहे. आई म्हणतात, राहू दे चार दिवस.